सकाळी अडकतो, ऊन आलं की चालतो : अक्कलकोट रोडवरच्या एका कॉम्प्युटरच्या नोंदी

सोमवार, ६ जानेवारी २०२५

अण्णा जिथे चादरींची नक्षी काढतात त्या कारखान्यातला डिझाइनचा कॉम्प्युटर आज पाहिला. सोलापूरची अक्कलकोट रोड एमआयडीसी. पुढे चादरीचे माग, मागच्या खोलीत डिझाइनचं टेबल, कार्ड पंचिंगचं (पुठ्ठ्याच्या कार्डांवर नक्षीची भोकं पाडणारं) मशीन आणि त्याच्या पायाशी जमिनीवर हा कॉम्प्युटर.

तक्रार अण्णांच्याच शब्दांत: "चालू होतंय की, पण सकाळी ऐकत नाही. विंडोजचे ते चार रंग येतात अन् तिथंच थिजतंय. कधी आपोआप परत सुरू होतंय, कधी बटण दाबून मारावं लागतंय. चार-पाच येळा केलं की मग सुरळीत. संध्याकाळपर्यंत एकदाही बंद पडत नाही."

मी गेले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. पहिल्या फटक्यात चालू झाला. तीनदा बंद-चालू केला, तिन्ही वेळा ठीक. म्हणजे दुपारी जाऊन हा आजार दिसणार नाही, सकाळीच यावं लागेल.

मशीन: असेंबल केलेला, २०१२ चा. एच६१ बोर्ड, आय३-२१०० प्रोसेसर, दोन-दोन जीबीच्या दोन रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ७ बत्तीस बिट. मागे प्रिंटरचा जुना रुंद पॅरलल पोर्ट, त्यावर डिझाइन सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे जो लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही तो छोटा डबा. पंचिंग मशीन जोडायचं सर्किट-कार्ड वेगळं, बोर्डावरच्या जुन्या पीसीआय स्लॉटमध्ये.

"नवीन का घेत नाही" हा प्रश्न इथे लागू नाही. बहुतेक नव्या बोर्डांवर ना तो पोर्ट, ना तो स्लॉट. सॉफ्टवेअर बनवणारे आता फोन उचलत नाहीत. कॉम्प्युटर गेला तर पंचिंग मशीनही गेलं, आणि भोकांचं कार्ड पडलं नाही तर जकार्डवर, म्हणजे ती भोकं वाचून नक्षी विणणाऱ्या मागावर, नवी नक्षी चढत नाही.

याआधी एक जण येऊन गेला. त्याने दहा मिनिटांत सांगितलं, विंडोज खराब झालंय, फॉरमॅट मारतो. अण्णांनी हात धरून थांबवला. बरं केलं. अण्णा तीस वर्षं ग्राफ काढतायत: मोर, वेलबुट्टी, देवळाचा काठ, एकेक चौकोन म्हणजे एकेक धागा. कागदी ग्राफच्या गुंडाळ्यांना वाळवी लागली तेव्हा उरलेलं सगळं स्कॅन करून या डिस्कवर ठेवलं. दुसरी प्रत कुठेच नाही. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाल्यावर आता तेवढे बारीक चौकोन भरणं त्यांना जमत नाही.

म्हणून क्रम ठरवला. आधी डिझाइनं बाहेर, मग आजार. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदललेली इथे लिहायची.

मंगळवार, ७ जानेवारी

डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला यूएसबी जोडणीने लावली, फक्त वाचण्यापुरती. डिझाइनचं फोल्डर ३८ जीबी, साडेचार हजारांवर फायली. दोन वेगळ्या डिस्कवर उतरवल्या आणि मूळ व नक्कल यांचे चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ताडून पाहिले. एकही फरक नाही. एक प्रत अण्णांच्या घरच्या कपाटात, एक माझ्याकडे. हे झाल्यावर अण्णा पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसले.

मग डिस्कची तब्येत. डिस्क स्वतःच्या चुकांची नोंद ठेवते, ती वाचली. खराब होऊन बदललेले सेक्टर: ०. संशयित सेक्टर: ०. म्हणजे तबकड्या ठणठणीत. पण १९९ क्रमांकाची नोंद, डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या बोलण्यात झालेल्या चुका: २१२. ही शून्य असायला हवी, निदान वाढत नसावी. डिस्कने पाठवलेलं बोर्डपर्यंत धड पोचत नाही, असा त्याचा अर्थ.

असं दिसलं की पहिला संशय केबलवर. डिस्क बोर्डाला जोडणारी जुनी साटा केबल एका टोकाला ढिली होती, खटका नसलेली. नवी खटक्याची लावली. २१२ हा आकडा लक्षात ठेवायचा.

बुधवार, ८ जानेवारी

सकाळी आठला फोन. अडकला. केबल नव्हे, किंवा नुसती केबल नव्हे.

आज पूर्ण उघडून साफ केला. गावातल्या घरांतले कॉम्प्युटर धुळीने भरतात, कारखान्यातले कापसाने. प्रोसेसरच्या पंख्याखाली हीटसिंकच्या पात्यांवर सुती तंतूंचा थर बसला होता. अख्खा एका तुकड्यात निघाला, नमदा असावा तसा, बोटाएवढा जाड. पंख्याच्या दांड्याला सूत गुंडाळलेलं. ब्लोअर मारून हे निघत नाही, उलट आत घुसतं. आधी चिमट्याने थर उचलायचा, मग ब्रश, मग ब्लोअर, आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर तो गरागरा फिरून बेअरिंग जातं. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. पुसून नवी लावली. रॅमच्या पट्ट्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासून परत बसवल्या.

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) प्रोसेसरचं तापमान साफ करण्याआधी ८६ अंश, नंतर ४७.

एवढा फरक पाहून वाटलं, सापडलं. दुपारी सहा वेळा चालू केला, सहाही वेळा बिनतक्रार. पण एक गोष्ट टोचत होती, ती इथे लिहून ठेवते: तापून बंद पडणारं मशीन गरम झाल्यावर अडकतं. हे गार असताना अडकतं. उलटं आहे.

जाताना अण्णांना सांगितलं, रात्री भिंतीवरचं बटणही बंद करत जा. आजवर ते चालूच ठेवायचे.

गुरुवार, ९ जानेवारी

सकाळी साडेसातलाच पोचले. पण माझ्याआधी वाइंडिंगवरच्या (बॉबिनवर सूत गुंडाळणाऱ्या) मावशींनी येऊन रोजच्यासारखं बटण दाबलं होतं. आज चार रंग येण्याऐवजी क्षणभर निळा पडदा, मग रीस्टार्ट, परत निळा. आता तर विंडोज येतच नव्हतं. अण्णा काही बोलले नाहीत, पण चेहरा पडलेला. मलाही पोटात खड्डा पडल्यासारखं झालं, कारण कालपर्यंत निदान पाचव्या वेळेला तरी चालत होता.

निळा पडदा थांबवून ठेवायची सोय एफ८ च्या यादीत असते. ती निवडून आकडा वाचला. शेवट ७बी. म्हणजे विंडोजला स्वतःची डिस्कच सापडत नाही. पण डिस्क तर चांगली आहे, परवाच तपासली.

मावशींना विचारलं, सुरुवातीला काही वेगळं दिसलं का? म्हणाल्या, "पांढऱ्या अक्षरात काहीतरी आलतं, एफ१ दाबा म्हणून. दाबलं." तिथे उलगडलं. बायोसमध्ये गेले, तर तारीख १ जानेवारी २०१२. बोर्डावरचा बटणासारखा सेल काढून मोजला: २.४१ व्होल्ट. सीआर२०३२ चा नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वरच दाखवतो. इतकी वर्षं भिंतीवरचं बटण रात्रीही चालू असल्यामुळे हा मेलेला सेल कुणाच्या लक्षात आला नव्हता. बोर्डाला बाहेरून वीज मिळत होती. माझ्या सांगण्यावरून काल बटण बंद झालं आणि बायोस रात्रीत सगळं विसरलं.

विसरल्यावर त्याने कारखान्यातल्या मूळ सेटिंग धरल्या. त्यात डिस्कशी बोलण्याची पद्धत एएचसीआय. हे विंडोज मात्र २०१२ मध्ये आयडीई पद्धतीवर बसवलेलं. विंडोज ७ सुरू होताना जी पद्धत ओळखीची, तिचाच ड्रायव्हर आधी उचलतं. दुसरी दिली की दारातच अडतं, तोच हा ७बी. सेटिंग परत आयडीई केली, विंडोज आलं. फॉरमॅट लागला नाही, काही लागलं नाही. पण माहीत नसतं तर आज नक्की कुणीतरी फॉरमॅट मारला असता.

नवी पेठेतून सेल आणून बसवला. घड्याळ लावलं. बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि छापून टेबलाच्या काचेखाली ठेवायला दिला.

हा आजचा दोष मी ओढवलेला, मूळ दोषाशी त्याचा संबंध नाही. दोन्हींची सरमिसळ होऊ नये म्हणून वेगळा लिहिला.

डिस्कची १९९ ची नोंद: २१४. केबल नवी असूनही दोनने वाढली. मंगळवारपासून एकदाच अडकला आहे, तेव्हाच वाढली असणार. केबल निर्दोष.

रात्री आठला, दिवसभर चालून मशीन गरम असतानाच, रॅम तपासणारा मेमटेस्ट लावून घरी आले.

शुक्रवार, १० जानेवारी

मेमटेस्टच्या रात्रभरात नऊ फेऱ्या, चुका शून्य. रॅम ठीक. पण लिहितानाच हात थांबला: ठीक आहे ते गरम असताना. आणि आज सकाळी कॉम्प्युटर अडकलाही नाही, कारण रात्रभर बंदच नव्हता. मेमटेस्टमधून बाहेर पडून सरळ विंडोज, एका फटक्यात.

दुपारी इव्हेंट व्ह्यूअर उघडला. अचानक बंद पडल्याची विंडोजची नोंद असते, कर्नल-पॉवर ४१. बटण दाबून मारला तरी तीच येते. महिन्यांप्रमाणे मोजल्या. सप्टेंबर २, ऑक्टोबर ३, नोव्हेंबर ११, डिसेंबर ४७. जवळजवळ सगळ्या सकाळी सात ते नऊच्या मध्ये. मे महिन्यात, सोलापूरचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असतो तेव्हा, एकही नाही.

तेवढ्यात मावशी बॉबिनचं टोपलं घेऊन आत आल्या. मी काय शोधतेय ते विचारलं आणि सहज म्हणाल्या, "अगं, ऊन त्याच्या पाठीवर आलं की तो चालू होतोय. मी तर आता ऊन यायची वाट बघते, मगच बटण दाबते." खिडकी पूर्वेला आहे. साडेआठच्या सुमाराला उन्हाची पट्टी बरोबर कॅबिनेटच्या मागच्या बाजूवर येते. मागच्या बाजूला वरती काय असतं? पॉवर सप्लाय, भिंतीवरची वीज बदलून आतल्या भागांना देणारा डबा.

सोमवारी मी अण्णांना विचारलं, विंडोजला विचारलं, डिस्कला विचारलं. रोज सकाळी बटण दाबणाऱ्या बाईंना विचारायला शुक्रवार उजाडला. यापुढे पहिल्या दिवशी पहिला प्रश्न बटण दाबणाऱ्याला.

शनिवार, ११ जानेवारी

सकाळी ७.१०. खोलीत १६ अंश. काल संध्याकाळपासून बंद, भिंतीवरचं बटणही बंद. खिडकीला जाड पुठ्ठा लावला, ऊन येऊ नये म्हणून. मीटरची टोकं पॉवर सप्लायच्या मोकळ्या चार पिनच्या जोडात: पिवळी-काळी म्हणजे १२ व्होल्ट, लाल-काळी म्हणजे ५ व्होल्ट. पाच टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणजे बाराच्या जागी ११.४ च्या खाली आणि पाचाच्या जागी ४.७५ च्या खाली जायला नको.

पहिल्यांदा चालू केला. बायोसमध्ये ११.५२. चार रंग गोळा व्हायला लागले आणि मीटर ११.२१. थिजला. पाचाची तार ४.६९.
दुसऱ्यांदा: ११.२८, थिजला.
तिसऱ्यांदा: ११.३५, आपोआप रीस्टार्ट.
चौथ्यांदा: ११.४७, विंडोज आलं. अण्णांनी टेबलावर हात आपटला.
पंचवीस मिनिटांनी: ११.७४ आणि ४.९३.

मीटर फक्त सरासरी दाखवतो, विजेवरच्या बारीक लाटा त्याला दिसत नाहीत. लाटा याहून वाईट असणार. पण एवढं पुरे आहे.

बायोसमध्ये चालतो आणि विंडोजच्या रंगांवरच का अडकतो, हे अण्णांनी विचारलं. त्यांना मागाच्या भाषेत सांगितलं. बायोस म्हणजे एकच माग चालू. विंडोज उघडताना डिस्क, प्रोसेसरचे दोन्ही कोर, डिस्प्ले, यूएसबी सगळे एकदम उठतात, म्हणजे एका शाफ्टवर सगळे माग एकाच वेळी टाकले. पट्टा ढिला असेल तर तिथेच घसरणार. "अन् पट्टा गरम झाला की पकडतो," अण्णा म्हणाले. बरोबर तेच.

मीटर हातात होता म्हणून भिंतीवरचा सॉकेटही मोजला. फेज-न्यूट्रल २२८. माग एकदम सुरू झाले की १९६ पर्यंत खाली. न्यूट्रल-अर्थिंग १९ व्होल्ट. हे फार आहे, एक-दोन व्होल्टच्या आसपास असायला हवं. अण्णा म्हणाले, अनवाणी असताना कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, पण ते तर सगळ्याच कॉम्प्युटरला येतं ना? नाही येत. पॉवर सप्लायच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) असतात, त्यांतून अगदी थोडा करंट कॅबिनेटवर येतो आणि अर्थिंगमधून जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर तो कॅबिनेटवरच थांबतो आणि माणसाच्या पायातून वाट काढतो. थोडा असतो म्हणून झिणझिण्यांवर भागतं. पण त्याच सॉकेटवर उद्या एखाद्या मशीनची वायर सुटून लोखंडाला लागली तर अर्थिंगने वाचवायचं असतं, आणि इथे अर्थिंग नाही. हे काम कॉम्प्युटरपेक्षा आधीचं. मालकांना आजच सांगितलं.

संध्याकाळी माझ्या घरच्या मशीनचा पॉवर सप्लाय आणून लावला. बाकी काही हलवलं नाही. जुना पिशवीत घालून घरी आणला.

रविवार, १२ जानेवारी

सकाळी ७.१५, खोलीत १५ अंश, पुठ्ठा तसाच. पहिल्या फटक्यात चालू. बारा व्होल्टची तार ११.९६, विंडोज उघडताना ११.९१. बंद केला, तासभर गार होऊ दिला, परत चालू केला. ठीक.

अण्णांना म्हटलं, एका दिवसावर जायचं नाही. निदान आणखी चार सकाळी.

घरी जुना पॉवर सप्लाय उघडला. हे लिहिताना एक ताकीदही लिहिते, कारण आमच्याकडे शिकायला येणारी मुलं या नोंदी वाचतात. पॉवर सप्लाय बंद करून वायर काढली तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट साठलेले राहू शकतात. २३० चा एसी सरळ केला की ३२५ च्या आसपास होतो. ज्याने हे काम शिकलेलं नाही, त्याने डबा उघडू नये. मीही रात्रभर ठेवला, रेझिस्टर लावून रिकामा केला, मीटरने खात्री केली, मगच हात घातला.

लेबलावर ४५० वॅट. हातात घेतला तर हलका, ४५० वॅटच्या डब्याला असायला हवं तेवढं लोखंड-तांबं आत नाही. आत कापूस इथेही होता, पंख्याच्या जाळीवर गच्च. म्हणजे वर्षानुवर्षं हा डबा भाजत होता. बाहेर जाणाऱ्या तारांच्या बाजूचे तीन कपॅसिटर फुगलेले. डोक्यावर अधिकची खूण असते, ती सपाट हवी. इथे फुगलेल्या पुरीसारखी वर आलेली, एकाच्या बुडाशी तपकिरी चिकट डाग.

उन्हाळ्यात बिघडला आणि हिवाळ्यात कळला, ते असं: या कपॅसिटरमध्ये द्रव असतो. उष्णतेने तो वर्षं-वर्षं आटत जातो आणि कपॅसिटरचा आतला रोध वाढतो. गारठ्यात हा रोध आणखी वाढतो. मग विजेच्या लाटा सपाट करायचं त्याचं काम होत नाही. पाच-दहा मिनिटं चालवला की स्वतःच्याच उबेने रोध उतरतो आणि काम जेमतेम भागतं. चार वेळा बटण दाबणं म्हणजे त्याला शेक देणं होतं. मावशींचं ऊनही तेच करत होतं.

डिस्कच्या २१४ चुकांचाही उलगडा होतो. डिस्क चांगली, केबल चांगली, पण दोघांना मिळणारी वीज थरथरती. म्हणून शब्द चुकत होते.

तीन कपॅसिटर बदलून हाच डबा परत वापरता आला असता. माझ्या घरच्या मशीनला मी तसं केलंही असतं. पण एवढा भाजलेला आणि मुळातच हलका डबा अण्णांच्या तीस वर्षांच्या कामाखाली परत ठेवायचा नाही. नवाच घ्यायचा.

सोमवार, १३ जानेवारी

अण्णांचा फोन ७.४० ला. "एका दमात." खोलीत १६.

मंगळवार, १४ जानेवारी

गड्ड्याची यात्रा, सोलापूरच्या सिद्धेश्वराची. कारखाना बंद. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, नंदीध्वजांच्या उंच काठ्या, सगळे रस्ते सिद्धेश्वर तलावाकडे वाहणारे. आई आणि मी यात्रेला जाऊन आलो. मशीनचं काही नाही. बंद राहिलं हेही बरंच. दीड दिवस बंद राहून उद्या सकाळी कसा उठतो ते कळेल.

बुधवार, १५ जानेवारी

पस्तीस-छत्तीस तास बंद होता. सकाळी १५ अंश. एका फटक्यात चालू. बायोसची तारीख बरोबर, म्हणजे नवा सेलही धरून आहे.

गुरुवार, १६ जानेवारी

नवा पॉवर सप्लाय लावला, माझा काढून घेतला. ४५० वॅटचाच, पण ८० प्लस ब्रॉन्झचा (वीज कमी वाया घालवण्याचं मानांकन) आणि वजनाला जुन्याच्या जवळजवळ दुप्पट. घेताना बॉक्सवरची एकच ओळ पाहिली: इनपुट १०० ते २४० व्होल्ट. माग सुरू होताना वीज १९६ वर येते, तिथे १०० पर्यंत सांभाळणारा डबा हवा. बिल २,६५० रुपये. मालकांनी लगेच दिले. एवढ्यात होईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

इतक्या वेळा मधेच मरण पावल्यामुळे विंडोजच्या फायलींनाही इजा झाली असणार. चेकडिस्क चालवली, काही सुटे तुकडे सापडले, जोडले गेले. सिस्टिम फाइल चेकर दुसऱ्या फेरीत स्वच्छ. डिझाइनच्या फोल्डरचे चेकसम मंगळवारच्या प्रतीशी परत ताडले. सगळ्या फायली जशाच्या तशा. ही दुरुस्ती आधी केली असती तर थरथरत्या विजेवर डिस्कवर लिहावं लागलं असतं, आणि चांगल्या फायली बिघडल्या असत्या. म्हणून ती शेवटी.

विंडोज ७ ला कंपनीचा आधार १४ जानेवारी २०२० लाच संपला. त्यामुळे नेटची वायर काढून टाकली. हे मशीन डिझाइन आणि पंचिंग यांसाठीच. मेल आणि बिलं दुसऱ्या लॅपटॉपवर. पेन ड्राइव्ह आधी त्या लॅपटॉपवर तपासून मगच इथे.

शनिवार, १८ जानेवारी

इलेक्ट्रिशियन आले. अर्थिंगची तार खड्ड्याजवळच तुटलेली निघाली, गंजून. खड्डा कोरडा ठणठणीत. नवी पट्टी, कोळसा-मीठ, पाणी. न्यूट्रल-अर्थिंग १९ वरून १.८ वर. अण्णांनी चप्पल काढून कॅबिनेटला हात लावला, मग मावशींना बोलावून त्यांनाही लावायला लावला.

दुपारी तिथेच जेवले. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. चटणीत तेल घालताना अण्णा तेलुगूत काहीतरी मोजत होते. विचारलं तर म्हणाले, नव्या काठाचे चौकोन.

कॅबिनेट जमिनीवरून उचलून दीड फूट उंच लोखंडी स्टँडवर ठेवला. कापूस हवेत तरंगतो पण बसतो खाली, जमिनीलगत सगळ्यात जास्त. मावशींनी चादरीचं कव्हर शिवून आणलं होतं, अगदी मापात, मोराच्या बुट्टीचं. चालू असताना घालू नका, हवा कोंडेल, आणि संध्याकाळी बंद झाल्यावर दहा मिनिटांनी घाला, असं सांगितलं. त्यांनी कव्हरच्या आतल्या बाजूला लाल दोऱ्याने "बंद झाल्यावर" असं विणून घेतलं.

कॅलेंडरवर दर महिन्याच्या एक तारखेला "कापूस काढणे" लिहिलं.

सोमवार, २० जानेवारी

डिस्कची आता पूर्ण प्रतिमा काढली, विंडोज, सॉफ्टवेअर, सेटिंग सगळ्यासकट, एका नव्या एसएसडीवर. ती एसएसडी लावून मशीन सुरू करून पाहिलं, डोंगल ओळखला, पंचिंगची चाचणी झाली. मग काढून पाकिटात बंद. जुनी डिस्क बारा वर्षांची आहे. ती जाईल त्या दिवशी वायर बदलायला पाच मिनिटं लागतील. याच बोर्डाचा जुना नग मिळतो का ते पाहतेय. तो मिळेपर्यंत हे काम उघडं.

सोमवार, २७ जानेवारी

गेल्या सोमवारपासूनच्या सकाळी, अण्णांनी वहीत लिहिलेल्या: २० ला १६ अंश, २१ ला १६, २२ ला १७, २३ ला १५, २४ ला १५, २५ ला १६, आज १७. सातही दिवस पहिल्याच फटक्यात. खिडकीचा पुठ्ठा आज काढला.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १२ जानेवारीनंतर कर्नल-पॉवर ४१ ची एकही नोंद नाही.

मी नोंद वाचत असताना पलीकडे पंचिंग मशीन चालू होतं. अण्णांचा नवा काठ, यात्रेतल्या नंदीध्वजांवरून काढलेला, सात काठ्या ओळीने. मोठे चौकोन त्यांनी स्वतः भरले, बारीक जागा मावशींच्या मुलीने स्क्रीनवर मोठ्या करून. कार्डं पडत होती आणि मावशी ती क्रमाने ओवत होत्या.

डिस्कची १९९ ची नोंद: २१४. तिथेच आहे.